पाचवा हिस्सा, पाच वर्षं

सल्लागार : ताई, तुम्ही सही केली नाही तर तडजोडीचा अर्ज पुढे सरकणारच नाही. लाँड्री वडिलांनी दोघांच्या नावावर केलीय.

बहीण : नाव दोघांचं, गल्ला एकट्याचा. इतक्या वर्षांत मला फुटकी कवडी दिसली नाही. थकलेला कर मात्र बरोबर माझं घर शोधत आला!

भाऊ : कर काय मी खाल्ला?

बहीण : खाल्ला नाहीस, भरला नाहीस. फरक पोटाला विचार.

सल्लागार : भांडा नंतर. यांच्याकडे खरंच काही उरलेलं नाही हे पटलं, तर कर कार्यालय थकबाकीचा पाचवा हिस्सा घेऊन बाकीचं सोडेल.

बहीण : मग मागच्या भेटीत का नाही पटलं?

सल्लागार : यांनाच विचारा.

भाऊ : झालं ते झालं.

सल्लागार : मी बजावलं होतं, साधे कपडे घालून या. हे आले लोकरी सूट चढवून, आत जाकीट, वर टाय! साहेबांनी कागद उघडलेच नाहीत, नुसती कॉलर बघत राहिले.

बहीण : सूट? तुझ्याकडे?

भाऊ : गिऱ्हाइकाचा. कोणी न्यायलाच आलं नाही. माझे शर्ट कोपरात विरलेत. आणि साधे कपडे कोण विसरतं दुकानात? रोजचा शर्ट संध्याकाळीच घेऊन जातात. टांगून राहतात ते भारीच.

बहीण : लोकांच्या सुटात गयावया करायला गेलास! कोणी अक्कल टाकून गेलं असतं, तर तीही चढवली असतीस.

भाऊ : तुला बोलायला काय जातं? महिना भरला की तुझा पगार हातात. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा दुकान कोणी चालवलं?

बहीण : आणि त्यांचं अंथरूण कोणी धुतलं? लाँड्रीवाला मुलगा घरात असून! पहिली नोटीस आली तेव्हा तोंड का नाही उघडलंस?

भाऊ : तू ओरडली असतीस.

बहीण : ओरडलेच असते! पण तेव्हा दोन पगारांत मिटलं असतं. माझ्या आवाजाला भिऊन तू माझं छप्पर घालवायला निघालास.

सल्लागार : एक अट अजून सांगायचीय. तडजोड मंजूर झाली, तरी पुढची पाच वर्षं प्रत्येक कर वेळेवर भरायचा. एक जरी चुकला, तर सोडलेली सगळी रक्कम परत अंगावर. दोघांच्याही.

बहीण : म्हणजे पाच वर्षं माझं घर याच्या शब्दावर?

भाऊ : भरेन मी. आईची शपथ.

बहीण : आईला मध्ये आणू नकोस. मागचीच शपथ अजून फिटलेली नाही.

सल्लागार : साहेबांनी ही एकच संधी दिलीय. सही नसेल तर जप्ती. आधी दुकान, मग तुमचं घर.

बहीण : पेन द्या.

भाऊ : ताई...

बहीण : गहिवरू नकोस. विश्वास बसला म्हणून नाही, बसत नाही म्हणून सही करतेय. नोकरीवर जायच्या आधी आणि आल्यावर, गल्ल्यावर मी. कराचा वाटा आधी बाजूला निघेल, मग तुझं पोट.

भाऊ : आणि मी? माझ्याच दुकानात गडी?

बहीण : इस्त्री कर. तेवढी तुला बाबांपेक्षा सुरेख येते.

भाऊ : पाच वर्षं तुझं तोंड बघत?

बहीण : मी दाराकडे तोंड करून बसेन. गिऱ्हाईक आलं की हसावं लागतं, तुझ्याकडे बघून ते जमायचं नाही.

(ती सही करून कागद भावाकडे सरकवते. तोही सही करतो.)

सल्लागार : झालं. निघतो मी.

भाऊ : ही घे गल्ल्याची किल्ली. कुलूप अडतं. जरा वर उचलून फिरवावं लागतं.

बहीण : उद्या दाखव.