वॉर्डाच्या दारातली सिस्टर

दुपारचे साडेचार, पेणमधल्या एका खासगी हॉस्पिटलचा वॉर्ड. दुबईहून सुट्टीवर आलेला आमचा इक्बाल वडखळला मोटारसायकलवरून पडला होता. पायात रॉड घातलेला. आम्ही पाच मित्र भेटायला गेलो, तर सिस्टर दारातच आडवी आली.

"एकेकानं जायचं, हात धुवून. पट्टीला हात लावायचा नाय."

मी म्हटलं, "बाई, मी पत्रकार आहे. तीस वर्षं गावभर फिरतोय."

"मग तीस वर्षांची घाण असेल. दोनदा धुवा."

मित्र हसले. मला झोंबलं. बाकी चौघांना घेऊन मी तसाच आत घुसलो, पट्टी उचलून टाके बघितले आणि दुसऱ्या दिवशी बातमी छापली: 'नर्सची अरेरावी'. आठवड्यात तिला काढलं.

पुढे इक्बालच्या टाक्यांतून पू यायला लागला. नेहमीची एकही अँटिबायोटिक लागू पडेना. रॉड काढावा लागला, दुबईची नोकरी गेली.

"कोणाच्या हातून झालं?" मी डॉक्टरांना विचारलं.

"ते आता कोण सांगणार? पाच जण होतात ना?"

इक्बाल म्हणाला, "तुझ्या बातमीत माझा पाय नाय आला रे."

सिस्टर आता रोह्याला नोकरी करते. मी माफी मागायला गेलो. ती म्हणाली, "माझं सोडा. तिथं दारात आता कोण असतं?"

हॉस्पिटलला मी दोनदा लेखी विचारलं. उत्तर आलेलं नाही. परवा स्वतः जाऊन आलो. दारात कुणीच नव्हतं.