भिंगरीचे दोन शहाणे तास

(शाळा सुटली आहे. मुख्याध्यापिकांची, म्हणजे मोठ्या बाईंची खोली. समोर भिंगरीची आई आणि वर्गाच्या बाई. टेबलावर एक उघडा लिफाफा.)

आई : पण नामंजूर कसं? वर्गात तिच्यासाठी मदतनीस हवी, असा अर्ज तुम्हीच तर करायला लावलात!

मोठ्या बाई : अर्ज आपला, मंजुरी वरच्या कचेरीची. त्यांच्या तपासनीस दोन तास वर्गात बसून गेल्या. ऐका : ‘मुलगी शांत, आज्ञाधारक. चावणे, फेकाफेक, वर्गातून पळणे, काहीही आढळले नाही. मदतनिसाची गरज नाही.’

आई : आमची भिंगरी? आज्ञाधारक? दुसऱ्याच कुणाच्या पोरीला बघून गेल्या असतील हो!

मोठ्या बाई : नाव, इयत्ता, तुकडी, सगळं बरोबर आहे.

आई : सोमवारी दप्तर खिडकीतून फेकलं, मंगळवारी शेजारणीला चावली, आणि बुधवारी एकदम गरीब गाय? माझं तर डोकंच चालेना. बाई, तुम्ही वर्गात होतात. तुम्ही सांगा.

बाई : तसं... त्या दिवशी ती खरंच छान वागली.

आई : कशानं पण?

बाई : तुम्ही घरून काही सांगून पाठवलं होतंत का?

आई : सांगून म्हणजे... पाहुण्या येतील, शहाण्यासारखी बस, एवढंच. आणि नवा फ्रॉक शिवून देते म्हटलं. दिवसभर लोकांचे शिवतेच की! चारचौघांत लेकीचं हसं व्हावं, असं कुठल्या आईला वाटेल?

मोठ्या बाई : अहो, त्या जे बघायला आल्या, तेच झाकलंत तुम्ही! महिनाअखेरपर्यंत मदतनीस आली नाही, तर तिला घरी बसवा म्हणतायत बाकीचे पालक.

बाई : त्यांना नका बोलू. फ्रॉकवर ती पाच मिनिटंही टिकली नसती. मीच... मी तिला माझ्या खुर्चीशेजारी बसवलं होतं. वह्या वाटायला दिल्या. घंटेला बिथरते ना, म्हणून घंटा व्हायच्या आधी तिच्या कानांवर हात ठेवले. क्षणभर सोडलं नाही तिला.

मोठ्या बाई : तुम्हीसुद्धा?

बाई : पोरीवर शिक्का बसू नये असं वाटलं. ती चांगली वागावी म्हणून देव पाण्यात घालून बसू, की वाईट वागावी म्हणून, तेच कळेना.

आई : म्हणजे आपण दोघींनी मिळून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला?

मोठ्या बाई : थांबा. बाई, त्या दोन तासांत बाकीच्या एकेचाळीस मुलांना काय शिकवलंत?

बाई : ...काही नाही. चित्रं काढायला लावली.

मोठ्या बाई : मग हेच लिहा. त्या दिवशी तिला मदतनीस होती. वर्गाला बाई नव्हत्या.

आई : असं लिहिलेलं चालतं? ती शांत बसली, म्हणून तिला मदत हवी? मला काही उलगडत नाही.

मोठ्या बाई : चालतं की नाही, मलाही ठाऊक नाही. खरं आहे एवढं कळतं. मी पुन्हा तपासणी मागते. सोमवारीच या म्हणते.

आई : आणि मी तिला काय सांगू? नीट वाग म्हणू, की वागू नको म्हणू?

बाई : काहीच सांगू नका. नुसती पाठवा.

आई : आणि तुम्ही?

बाई : मी फळ्यापाशी उभी राहीन. शिकवत.

आई : आणि घंटा?

बाई : घंटा वेळेवरच होईल.

आई : ते नाही हो विचारत. तेव्हा तिचे कान कोण झाकणार?