भागोजीच्या रक्ताची काच

—नाही हो वैनी, करणी-बिरणी काही नाही, सत्याऐंशी साल उजाडलं तरी हेच चाललंय का तुमच्या गावात? सासूला सांगा, हरिश्चंद्र लॅबवाल्याने स्वतः सांगितलंय म्हणावं. नवऱ्याला लाल लघवी झाली म्हणजे बायकोने काही खायला घातलं— असं कुठे असतं? भागोजीचं रक्तच फुटत होतं आतल्या आत, तेच उतरत होतं लघवीत. बुधवारी हिमोग्लोबिन नऊ, शुक्रवारी सहा, डोळे हळदीसारखे पिवळे— ते काय तुमच्या भाकरीने झालं? तापाने झालं. मलेरिया. रिपोर्टवर माझीच सही आहे ना.

आता मलेरिया म्हणजे— दिसतो तसाच तो. तांबड्या पेशीत बारीक अंगठी. मग गोळ्या का लागू पडल्या नाहीत? डॉक्टरसाहेबही तेच विचारत होते, "हरिश्चंद्र, नक्की ना?" म्हटलं, नक्की. वीस वर्षं दुर्बिणीखाली रक्ताच्या काचा बघतोय, नक्की नसायला काय झालं! फक्त एक होतं— मलेरियात तपकिरी कण दिसतात, ते कुठे दिसेनात. आणि काही पेशींत चार-चार ठिपके, फुलीसारखे जुळलेले. म्हटलं रंग नीट चढला नसेल, दुसरी काच केली. तिच्यातही तेच. आणि तुम्ही त्या दारात उभ्या राहून सांगत होता— आंब्यावरून पडले तेव्हा मुंबईला यांच्या पोटातली पानथरी, प्लीहा म्हणतात ती, काढलीय, गोठ्यात रोज गोचिडी चावतात यांना, साहेबांच्या कानावर घालू का? मी म्हटलं, बाहेर थांबा.

शनिवारी गुरांचे डॉक्टर आले चहाला. सहज काच दाखवली. डोळा लावला मात्र, म्हणाले, "कुठल्या गायीचं रक्त हे? गोचिडीचा ताप आहे." माणसाचं आहे म्हटलं नाही, काच उचलून खणात टाकली. सांगितलं असतं तर साहेबांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला असता, औषध बदललं असतं, हलवला असता त्याला— आणि मला विचारलं असतं, तीन दिवस काय बघत होतास? म्हटलं, सोमवारी नवी काच करू, आजच लक्षात आलं म्हणू. —वाचलाच असता असं नाही हां वैनी, तसं नाही म्हणत मी. शंभरात चाळीस पेशी त्या जंतूंनी खाल्ल्या होत्या तोवर. पण रविवारी दुपारीच तो...

रडू नका. —रडत नाही? मग असं बघूही नका.

कागद देतो ना. मलेरियाने मृत्यू, शिक्का मारून. सासूला दाखवा, गावाला दाखवा, कोणी बोट दाखवणार नाही तुमच्याकडे. गोचिडीचं? ते नाही लिहिता येणार. कोणी लिहायचं? मी तर काही बोललोच नाही तुमच्याशी. काचा धुतल्या मी केव्हाच. उठा आता, साडेबाराची राजापूर गाडी चुकेल— हा घ्या कागद. अहो, घ्या ना— तिकडे कुठे? ती साहेबांची खोली आहे, बाहेरचा रस्ता इकडून— वैनी, दार लोटू नका— वैनी—