नव्या ताईची सुट्टी

बिथरणाऱ्या मुलींना सांभाळणाऱ्या त्या वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत आई मांडीवर पिशवी घेऊन लेकीची वाट पाहत होती. पडद्याआड तिथल्या दोघी ताया चहा पीत होत्या.

“काल ती लांब वेणीवाली पुन्हा भडकली. आधी चपला भिरकावल्या, मग खुर्ची उचलली.”

आईनं कान टवकारले. आधी चपला, मग खुर्ची. म्हणजे तिचीच लेक.

“मग तुम्ही काय केलंत?”

“सगळं रीतसर केलं गं. दार उघडं ठेवलं, जमिनीवर बसले, आवाज चढवला नाही. तर म्हणते कशी, ‘तुम्ही नको, नव्या ताईला बोलवा!’”

“आली ती?”

“आली आणि अगदी माझ्यासारखीच खाली बसली. मीच शिकवलंय ना! पण पोरगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.”

“शांत झाली ना? मग झालं तर.”

“तुला काय जातंय बोलायला! इतकी वर्षं चपला मी झेलल्या. माझ्या मांडीला काय काटे आहेत?”

“अहो ताई,” आईनं बसल्या जागेवरून हाक मारली, “ती नवी ताई आज आहे का?”

“नाही हो, सुट्टी आहे तिची. काही निरोप होता का?”

“छे, बरंच झालं,” मांडीवरची पिशवी खाली ठेवत आई म्हणाली. “आता माझ्या लेकीला बोलवा.”