पाय शाबूत पाहिजेत

...आता तुम्हीच सांगा, जन्मभर डास दिसला की टाळी मारायची, आणि पन्नाशीला मला म्हणतात, मारू नका, जपून धरा!

झालं काय, महादेवपुऱ्यात ज्या सोसायटीत मी स्वयंपाकाला जाते, तिथं तिघांना डेंगी. त्यात सेक्रेटरी विश्वासरावांची नात रंजिता, जिला मी मांडीवर घेऊन भात भरवलाय. पोर तापानं फणफणलेली, माणसाचं डोकं फिरणारच... पण राग कुणावर? आम्हा कामवाल्या बायकांवर! "डास तुमच्या वस्तीतून येतात. तपास होईपर्यंत कामाला यायचं नाही." अहो, मी राहते के. आर. पुरमला, बसनं अर्ध्या तासावर! डास काय माझ्याशेजारी बसमध्ये बसून येतो होय?

पालिकेकडून तपासायला आली संहिता, डासांचंच शिकलेली पोरगी. म्हणाली, हा डास शे-दोनशे पावलांपलीकडं सहसा उडत नाही, तरी तुमच्या घरचा कुठला ते बघू. "एक पकडून आणा अक्का. पण पाय शाबूत पाहिजेत." पायांवरच्या पट्ट्यांवरून जात कळते म्हणे. सरी, बरं म्हटलं, आणि कुंकवाची रिकामी डबी घेऊन दंड उघडा टाकून बसले. पहिला आला, हात आपोआप उठला... चटणी. दुसरा, चटणी. तिसऱ्याला दातओठ खाऊन पोटभर पिऊ दिलं, मग हळूच डबीत धरलं... काय करता, पाय शाबूत पाहिजेत ना!

भिंगातून बघितलं तिनं. काळा, पायांवर पांढरे पट्टे, पाठीवर वीणेसारखी खूण. डेंगीचाच. म्हटलं, गेलं माझं काम. पण सोसायटीतही तोच निघाला, आणि अळ्या कुठं? विश्वासरावांच्या दिवाणखान्यात, मनीप्लांटच्या बाटलीत! रंजिताही तोवर उठून बसली. विश्वासराव गेटापर्यंत आले, खाली बघत म्हणाले, "या कृष्णाबाई." मी काय ताठ मानेनं आत गेले म्हणता...

मग संहिता माझ्या घरी आली. खिडकीतल्या बाटलीपाशी थबकली. "अक्का, ही कुठली?"

काय सांगू? त्याच मनीप्लांटची फांदी, मागच्या महिन्यात विश्वासरावांच्या बायकोनं दिलेली. वाटेत सुकेल म्हणून मीच पाण्यासकट मागून घेतली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

संहिता हळूच म्हणाली, तुमच्या डबीतला डास यातलाच, आणि चावते ती मादीच असते, अक्का.

म्हणजे बसनंच आली की बया, तिकडून इकडं, बाटलीतून, माझ्या मांडीवर बसून! इथं सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, तिलाही लागलं नाही... आणि पाय? एकदम शाबूत.