तिसरी तार

मांडवा जेटीवर लाँचच्या रांगेत माझ्यापुढे गिटार शिकवणाऱ्या एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या सहा वर्षांच्या विद्यार्थिनीचे आजोबा तेथेच त्यांना भेटले आणि बोलणे सुरू झाले.

“मॅडम, आमच्या प्राप्तीचा क्लास बंद करू काय? दोन महिने झाले, एक गानं धड येत न्हाय.”

“आजोबा, तिचा हात तिसऱ्या तारेवर जातच नाही. बोटांत जोर नसेल, असं मला वाटलं.”

“जोर लय हाय. तुम्हीच खेळ काढलात ना, सहा तारांना घरच्यांची नावं द्यायची?”

“हो, तारा लक्षात राहाव्यात म्हणून.”

“तिसरी तिच्या बापाची. तो जहाजावर हाय. बाबा घरी न्हाईत, मंग वाजवू कशी, म्हनते.”

“मग त्या तारेचं नाव बदलू या.”

“बाप जिता असताना?”

“तसं नाही हो! म्हणजे ती तार कधीच वाजवत नाही?”

“वाजवते ना. रविवारी त्याचा फोन आला की तेवढीच वाजवते, फोन ठेवीपर्यंत.”

“किती वाजता येतो?”

“चारला. का?”

“तिचा तास यापुढे रविवारी चारला घेऊ.”

“आन् गानं?”

“त्याचं काय करायचं, ते मलाही कळत नाहीये, आजोबा.”