काकूंचा हिरवा बिल्ला

हॅलो?… हॅलो, चष्म्याचं दुकान… अय्या, काकू! तुम्ही! थांबा, थांबा, ठेवू नका हं…

नाही, बाबा नाहीत. आजच्या मैत्री-मेळाव्याच्या खुर्च्या परत द्यायला गेलेत… हो, एकटीच आहे. शटर अर्धं ओढलंय… सांगा ना, सांगते त्यांना.

मास्तरांचा चष्मा… खालच्या खणात… डावी काच बसवली, उजवी राहिली… हो, लिहिलं. आणि उद्यापासून काय?

येणार नाही म्हणजे? काकू, असं काय करता!

अहो, ऐका ना… नाही, आधी माझं ऐका. दुपारपासून किती वेळा फोन लावला तुम्हाला! मला सॉरी म्हणायचंय. त्या बिल्ल्यांचं. माझंच डोकं ते. गल्लीतल्या दुकानांना हिरवा, मागच्या पालिकेच्या घरांत राहणाऱ्यांना पिवळा. हिरव्याने पिवळा शोधायचा, दोघांनी मिळून चहा घ्यायचा, की झाली मैत्री!… हो, बालवाडीतल्या खेळासारखंच. शाळेत बाईंनी पाठ थोपटली ना, शेफारले मी.

काय?… बिल्ल्यांचा राग नाही?

मग… हां. माइकवरून बोलले, ते. अहो, रहिवाशांच्या यादीत तुमचं नाव दिसलं, तुमचा पिवळा तयार ठेवला होता, आणि तुम्ही बाबांच्या शेजारी हिरवा लावून उभ्या! मला वाटलं, चुकून उचललात…

नव्हता चुकून. हो. नऊ वर्षं आमच्या दुकानात काचा घासताय, तुम्ही दुकानाच्याच की.

म्हणजे तुम्ही त्या घरांत राहता हे बाबांशिवाय गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं?… मलासुद्धा बोलले नाहीत ते. आणि परवा त्या बँकेतल्या बाई काउंटरवर त्या घरांना नावं ठेवत होत्या, तेव्हा तुम्ही मान खाली घालून नुसत्या स्क्रू पिळत होतात… मी पण हसले होते तेव्हा. अरे देवा.

बेकरीवाले काका सगळ्यांसमोर ‘काय सांगता, तुम्ही तिकडच्या?’ म्हणाले, त्याचं वाईट वाटलं का? थांबा, उद्याच त्यांना… त्यांचं नाही? माझं?

मी काय म्हणाले?… आठवत नाही हो. हातात माइक आला की माझी जी गाडी सुटते…

…

आठवतंय.

नको ना, काकू… म्हणायलाच हवं?… बरं. “आमच्या काकूसुद्धा पिवळ्यातल्या. वाटतं का बघून?”

हो. अगदी तस्संच. वर टाळ्या मागितल्या.

अहो, कौतुक करायचं होतं, म्हणजे… हो. म्हणजे बाकीच्यांकडे बघून वाटतं, असंच झालं ना ते. आणि त्या सगळ्या समोर बसलेल्या… तुमच्या सासूबाई पण? पहिल्या रांगेत?… त्या काठीवाल्या आजी? त्यांनी तर मला जवळ बोलावून ‘गुणाची पोर’ म्हटलं होतं!

शी! काकू, मला माझंच थोबाड बघवत नाहीये. आणि इथे जिकडेतिकडे आरसे.

नाही, रडत नाहीये. नाक चोंदलंय.

काय म्हणाल्या आजी?… चहासुद्धा न पिता आडव्या झाल्या?

मी येऊ? आत्ता? त्यांच्याशी बोलायला… नाही, बाबांना पुढे करणार नाही, एकटीच येते… नाही हो, बिस्किटांचा पुडा वगैरे आणत नाही. भाषणही पाठ करत नाही. तुम्ही उद्या या, असंही म्हणणार नाही त्यांच्यासमोर. नुसती येते.

हो, इमारत माहितीये, यादीत होती ना… मजला?

…

नाही माहीत. नाही, कुठल्याच घरी कधी गेले नाही. मागच्या खिडकीतून इमारती दिसतात तेवढ्याच… जिनासुद्धा चढले नाही मी, काकू. तीन महिने नुसती मैत्री मैत्री करत फिरतेय.

चौथा. डावीकडे… लिफ्ट बंद? चालेल, चालेल. जिन्यात दिवा नाही? हात धरून… हो, कठड्याचा.

आणि आजींनी दार उघडलंच नाही तर?… बाहेर बसायचं. बरं. बसते.

निघालेच. शटर ओढते आणि… काकू?… हॅलो?